शोगुनचे चित्र निवडताना

मा. संपादक,
स. न.

रविवार पुरवणीत आशिकागा ताकाउजी या शोगुनवरील (शोगुन म्हणजे जपानचा लष्करी शासक) लेखासोबत घोडेस्वाराचे चित्र आहे. मोकळे केस, खांद्यावर नंगी तलवार, भात्यात मोडका बाण. चित्र देखणे खरे, पण तो ताकाउजी नसावा, असे आता बरेच अभ्यासक मानतात. स्वाराच्या डोक्यावर आशिकागा घराण्यातला दुसरा शोगुन योशिआकिरा याची लपेटेदार सही आहे आणि योशिआकिरा हा ताकाउजीचाच मुलगा. बापाच्या डोक्यावर मुलाने सही ठोकणे त्या काळच्या रीतीत बसत नाही. शिवाय घोड्याच्या साजावर को घराण्याचे चिन्ह आहे. त्यामुळे ताकाउजीचा कारभारी को नो मोरोनाओ किंवा मोरोनाओचा मुलगा, अशी नावे पुढे आली. आपण कॉलमात बसवताना नेमका सहीचाच भाग कापलात! ओनोमिची शहरातल्या जोदोजी मंदिरातील ताकाउजीचे चित्र इथे चालले असते.

इतर चित्रे निवडतानाही अशीच काळजी हवी. कामाकुराचा पहिला शोगुन योरितोमो याचे काळ्या दरबारी पोशाखातले प्रसिद्ध चित्र क्योतोच्या जिंगोजी मंदिराचे. ते ताकाउजीचा भाऊ तादायोशी याचे असल्याचे मत 1995 मध्ये कलेतिहासकार योनेकुरा मिचिओ यांनी मांडले. वाद मिटलेला नाही. तेव्हा चित्रओळीत ‘परंपरेने योरितोमोचे मानले गेलेले’ एवढे तरी हवे. इब्राहिमखानाचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून खपत होते, हे आपल्याला नवे नाही.

सोळाव्या शतकातला सरदार ओदा नोबुनागा याच्यासाठी चोकोजी मंदिरातील चित्र बिनधास्त घ्यावे. ते 1583 चे, म्हणजे मृत्यूनंतर वर्षभरातले. सम्राट मेइजींच्या 1888 च्या प्रतिमेखाली मात्र नुसते ‘छायाचित्र’ लिहू नये. इटालियन चित्रकार किओसोने यांनी काढलेल्या चित्राचा तो फोटो आहे. खरा फोटो हवा तर उचिदा कुइची यांनी 1873 मध्ये लष्करी गणवेशात टिपलेला आहे. पहिला सम्राट जिम्मू दंतकथेतला, त्यामुळे त्याचे कोणतेही चित्र ‘कल्पनाचित्र’च, आणि ते कोणत्या काळात काढले तेही सांगावे.

चेहरा मजकुराकडे वळावा म्हणून पान लावताना चित्र आडवे उलटवतात, तेही टाळावे. जपानी पोशाखात डावा पदर उजव्यावर येतो. उलटा झाला की तो प्रेताचा पेहराव ठरतो. जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या ‘कोलबेस’ संकेतस्थळावरील चित्रे श्रेय देऊन मोफत छापता येतात. वरचा घोडेस्वार क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयातच आहे, सहीसकट.

— एक वाचक, पुणे