सुभेदार काकांस, जर्मनीतल्या पळणाऱ्या मंडळींकडून

काका, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले तर तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघडं पत्र. बेळगाव, खानापूर, निपाणीहून इकडे आलेल्या आम्हा सगळ्यांच्या घरी तुमच्या वहीतली, आईवडिलांना जर्मनीला आणण्याच्या आणि पळण्याच्या सल्ल्याची पानं फोटो होऊन पोचली आहेत. ती आणखी चार घरांच्या कामी यावीत म्हणून त्यातलं निवडक इथे मांडतो. तुमचा मूळ नियम एकच: शर्यत आणि आईवडिलांची भेट एकाच कागदावर लिहायची आणि शर्यतीच्या दिवसापासून उलट मोजत यायचं.

बर्लिन मॅरेथॉन सप्टेंबरच्या उत्तरार्धात असते. तिच्या सोडतीचा अर्ज आदल्या वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास भरावा लागतो. सोळा आठवड्यांचा सराव धरला तर तो जूनच्या सुरुवातीला लागतो. २८ ते ३२ किलोमीटरची लांब पळणी ऑगस्टात, सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत येतात, त्यातलं शेवटचं शर्यतीआधी तीन आठवडे. मग आईवडिलांनी यायचं मेच्या मध्याला आणि परतायचं जुलैअखेर. तोवर आठवड्याचे किलोमीटर कमी असतात, हवा बरी असते, उजेड रात्री नऊपर्यंत टिकतो. ऑगस्टात पाहुणे असले की पोरगं रात्री नऊला सगळ्यांबरोबर जेवतं, पहाटे जड पोटाने पळतं आणि दुपारी फिरायला नेतानाच पेंगतं. हे तुम्ही बेळगावच्या वडगावात बसून ओळखलंत, याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

मेमध्ये यायचं तर व्हिसाचं काम जानेवारीत सुरू व्हायला हवं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांत थोड्या मुक्कामासाठी चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी देता येतो, पण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळेनाशा होतात. खर्चाची हमी मुलाने घ्यायची असेल तर इथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून फेरफ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग, म्हणजे हमीपत्र, घेऊन मूळ प्रत कुरिअरने गावी पाठवायची. ती सहा महिन्यांहून जुनी चालत नाही, म्हणून फार आधीही काढायची नाही. व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, प्रवासातला वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. ५९ महिन्यांच्या आत दिलेले असतील तर सहसा पुन्हा मागत नाहीत.

कागदांत आपल्या भागाची अडचण वेगळीच. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, पासपोर्ट इंग्रजीत. उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर जोडायचं, कारण माणूस परत येणार हे शेती, पेन्शन आणि मागे राहिलेलं कुटुंब यांवरूनच ठरतं. पासबुकात अर्जाच्या आदल्या आठवड्यात दोन लाख आले की शंका येते. तीन महिन्यांची साधी, खरी उलाढाल बरी. आईच्या एका कागदावर माहेरचं आडनाव आणि दुसऱ्यावर सासरचं असेल तर लग्नाचा दाखला सोबत. तुम्ही प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर कुठला कागद काय सिद्ध करतो हे एका ओळीत लिहून देता. ते पान म्हणजे खरी मदत, कारण व्हिसाच्या खिडकीवरच्या प्रश्नाला आईवडील ते वाचून उत्तर देऊ शकतात.

दिवस मोजण्याची तुमची पद्धतही लिहून ठेवतो. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा मुक्काम, आणि पोचल्याचा व निघाल्याचा हे दोन्ही दिवस धरायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याच्या जागी फोटो आणि ठशांची संगणकी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे एक दिवस जास्त झाला तरी तो आपोआप दिसतो.

प्रवासात बेळगावच्या सांबरा विमानतळाहून विमान आणि पुढचं आंतरराष्ट्रीय विमान अशी दोन वेगळी तिकिटं असली तर बॅगा मध्ये उतरवून पुन्हा द्याव्या लागतात. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. तुमचा आग्रह एका तिकिटाचा, नाहीतर आदल्या रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूचा. व्हीलचेअरची मागणी ४८ तास आधी नोंदवायची. चालता येत असलं तरी घ्यायची, कारण सोबत आलेला माणूस इमिग्रेशनपर्यंत नेतो. औषधं पूर्ण मुक्कामाची, मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्यायचं. आपल्याकडचा ब्रँड इथल्या दुकानदाराला कळत नाही.

कुंद्याचं, आपल्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचं, मात्र तुम्ही कठोरपणे सांगितलंत आणि घराघरांत नाराजी ओढवून घेतलीत. खवा, तूप, मांस हे बाहेरून युरोपीय संघात आणता येत नाही. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नाहीत, म्हणजे आंबा आणि कढीपत्ता बाद. सूट फक्त केळी, नारळ, खजूर, अननस आणि दुरियनला. भडंग, चटणी, पिठं, मसाले खुशाल आणावेत.

घरात आल्यावरचं पान आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची, त्यामुळे मिक्सर शनिवारीच. कुकरची वाफ आणि घरात वाळत घातलेले पळण्याचे ओले कपडे यांनी भिंतीला बुरशी येते, आणि मग घर सोडताना अनामत कापली जाते. उपाय साधा: खिडकी तिरकी ठेवायची नाही, दिवसातून तीन-चारदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायची.

नव्याने आलेल्यांना तुम्ही दोनच गोष्टी लगेच करायला लावता. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, म्हणजे आन्मेल्डुंग. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो, तो किल्लीबरोबरच मागायचा. दुसरी, जवळच्या फेराइनच्या (क्लबच्या) लाउफट्रेफमध्ये, म्हणजे ठरल्या वारी एकत्र पळणाऱ्या गटात, नाव. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, ऑफिसातून घरी गेलेला माणूस पुन्हा बाहेर पडत नाही. ठरल्या वारी चारजण दिव्याखाली थांबलेले असले की पडतो, आणि भाषा वर्गापेक्षा तिथे लवकर सुटते. पळायचे कपडे प्रत्यक्षाहून दहा अंश जास्त ऊब आहे असं धरून घालायचे. सुरुवातीला थोडी थंडी वाजली तर ते बरोबर आहेत.

पळण्याबद्दल तुमचं बोलणं थोडकं. सोपं पळणं म्हणजे ज्यात पूर्ण वाक्य बोलता येतं ते. राजहंसगडाच्या चढावर बोलता येत नसेल तर चालायचं. दीड तासापुढच्या पळण्यात ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम, १५ ग्रॅम गुळात तेरा-चौदा. अर्धा लिटर पाण्यात पाव चमचा मीठ. आधी आणि नंतर वजन करायचं: दोन टक्क्यांहून जास्त उतरलं तर पाणी कमी पडलं. वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं, आणि हे अधिक धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम घटतं. एप्रिल-मेमध्ये गावी आलेल्याने उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस द्यायचे आणि तोवर घड्याळातला वेग बघायचा नाही. जांबोटी रस्त्यावर पहिल्याच दिवशी जर्मनीच्या वेगाने सुटलेल्यांना तुम्ही गाडी पाठवून आणलं आहे, त्यांची नावं लिहीत नाही.

पैसे तुम्ही कुणाकडून घेतले नाहीत. झेरॉक्सचेसुद्धा नाहीत, हे आम्हाला पटलेलं नाही. यापुढे झेरॉक्सवाल्याचं खातं आम्ही परस्पर भरतो आहोत, रागावू नका.

आता एक काम. उचगावचं जे जोडपं पुढच्या उन्हाळ्यात येणार आहे, त्यांचे पासपोर्ट तेवढे बघा. मुदत परतीनंतर किमान तीन महिने हवी, काढून दहा वर्षं झालेली नसावीत आणि दोन पानं कोरी हवीत. काकूंचा पासपोर्ट जुना आहे असं त्यांचा मुलगा म्हणतो. नवा करायचा झाला तर तो हमीपत्राच्या आधी व्हायला हवा, कारण त्यात नवीन क्रमांक घालावा लागेल.

तुमची,
बेळगाव-खानापूर-निपाणीची जर्मनीतली मंडळी