प्रिय सुमे, मशीन इतक्यात घेऊ नकोस

बंगळूरु
२२ जून

प्रिय सुमे,

तुझं पत्र परवा मिळालं. मुलगा कॉफीचं मशीन घेऊन देतोय आणि कुठलं घ्यावं ते मी सांगावं, असं तू लिहिलंयस. फोनवर सांगून भागलं असतं, पण हा विषय माझ्यासाठी दोन वाक्यांचा नाही, म्हणून सकाळची कामं उरकून निवांत लिहायला बसलेय. उत्तर आधीच देऊन टाकते. मशीन इतक्यात घेऊ नकोस. त्याला म्हणावं, त्यातल्या थोड्या पैशांत हातानं फिरवायचा एक चांगला ग्राइंडर दे आणि दर महिन्याला ताज्या भाजलेल्या बिया दे. मशीनचं पुढच्या वर्षी बघू.

होस्टेलवर परीक्षेच्या दिवसांत रात्री आपण पेल्यात इन्स्टंट पावडर, साखर आणि चार थेंब पाणी घालून फेटत बसायचो, आठवतं? रंग पिवळट पांढरा होईस्तोवर चमचा थांबायचा नाही. आणि आमच्या घरी, कणकवलीला, चहा न घेणारा पाहुणा आला की आई दुधात कॉफी उकळायची आणि परसातलं जायफळ सहाणेवर उगाळून त्यात घालायची. त्यामुळे कॉफीचा वास म्हणजे जायफळाचाच वास, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती.

लग्नानंतर इथे आले तेव्हा मल्लेश्वरमच्या एका छोट्या दुकानात पहिल्यांदा कॉफी आणायला गेले. दुकानदारानं विचारलं, "चिकोरी किती?" मला चिकोरी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. ते एक मूळ असतं. वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. त्यात कॅफीन नसतं, पण डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरणाऱ्या कॉफीच्या अर्काला, दाटपणा आणि गडद रंग येतो. कायद्यानं ४९ टक्क्यांपर्यंत चालते. आता तूच बघ, पाकिटावर मोठ्या अक्षरांत कॉफी लिहिलेलं असलं तरी आत जवळजवळ निम्मं ते मूळ असू शकतं. घरातल्या पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं एकदा वाच. मी चिकोरीला नावं ठेवत नाही. दुधाच्या फिल्टर कॉफीत वीस टक्के चिकोरी मला आजही आवडते. फक्त आपण काय पितोय ते आपल्याला ठाऊक असावं.

दहा-बारा वर्षं मी पितळी फिल्टरवर सुखात होते. वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर दट्ट्याची चकती, मग कढत पाणी, आणि वीस मिनिटांनी खाली काळंभोर डिकॉक्शन. मग एका जानेवारीत चिकमगळूरला एका ओळखीच्यांच्या मळ्यावर तोडणी बघायला गेले आणि कॉफीकडे बघण्याची माझी नजरच बदलली. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकातच पिकते, हे नुसतं ऐकून होते. तिथे सिल्व्हर ओकच्या सावलीत, मिरीचे वेल चढलेल्या खोडांखाली लालबुंद फळं लगडलेली पाहिली. एक फळ तोंडात टाकलं. गर पातळ आणि चक्क गोड! आत पाठी बाहेर करून एकमेकींना चिकटलेल्या दोन बिया. एखाद्या फळात एकच गोल बी निघते, तिला पीबेरी म्हणतात. समोरच बाबा बुडनगिरी. सूफी संत बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि याच डोंगरात लावल्या, अशी कथा तिथे सगळेच सांगतात.

तिथे कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॉफी हे फळ आहे. साल काढून, धुऊन बी वाळवली तर चव स्वच्छ येते. बाजारात तिला प्लांटेशन म्हणतात. अख्खं फळच उन्हात वाळवलं तर ती चेरी, आणि तिला गर मुरल्याचा गोडवा येतो. झाडाची जातही चवीत उतरते. एस ७९५ नावाची जात बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातली, गेल्या शतकाच्या चाळिशीतली, आणि अजूनही मळ्यामळ्यांतून दिसते. आपण पायरी आणि हापूस डोळे मिटून ओळखतो. मग कॉफीला नुसतं कडू म्हणून कसं सोडून द्यायचं? आणि हो, तुमच्या अमरावतीहून चिखलदऱ्याला जाशील तेव्हा तिथली कॉफीची झाडं मुद्दाम बघ. एवढ्या वर्षांत तू तिकडून मध आणलास, पण कॉफीचा शब्द काढला नाहीस!

आता ग्राइंडरचं. मळ्यावरून आणलेल्या बिया मी घरच्या मिक्सरमध्ये फिरवल्या. कॉफी आंबटही लागली आणि कडूही, एकाच घोटात. मिक्सरचं पातं बी तोडतं, त्यामुळे काही पूड पिठासारखी होते आणि काही तुकडे मसुराएवढे राहतात. पाणी लागलं की बीमधली आम्लं आधी उतरतात, मग गोडवा, आणि कडवटपणा सगळ्यांत शेवटी. पिठातून सगळंच्या सगळं निघून गेलेलं असतं तेव्हा मसुराएवढ्या तुकड्यातून नुसता आंबटपणा सुटत असतो. चांगला ग्राइंडर म्हणजे खरं तर जातं. एक भाग स्थिर, एक फिरता, आणि मधली फट आपल्या हातात. गिरणीत आपण सांगतो ना, भाजणी जरा जाडसर दळा, तसंच. आजी जात्यावर बसली की पीठ चिमटीत घेऊन बघायची. मीही आता पूड चिमटीत घेऊनच बघते. फिल्टरला बारीक रव्याहूनही बारीक, कागदाच्या गाळणीला बारीक रव्यासारखी, फ्रेंच प्रेसला, म्हणजे जाळीच्या दट्ट्यानं पूड खाली दाबायच्या भांड्याला, जाड्या रव्यासारखी.

भाजून मात्र विकतच घे. मी लोखंडी कढईत भाजून पाहिलं. लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सुरू झाला की अंगावर काटा येतो इतका तो क्षण सुंदर असतो, पण बिया एकसारख्या भाजल्या जात नाहीत आणि घरभर धूर होतो. वर्षातून एकदा हौस म्हणून करते. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ नकोस. भाजल्यापासून आठवड्यानं उघडलेलं आणि महिन्याभरात संपवलेलं पाकीट उत्तम. डब्यात घट्ट झाकून ठेव, फ्रिजमध्ये नको.

पाण्याचं मला फार उशिरा कळलं. एका मे महिन्यात सगळं सामान घेऊन कणकवलीला गेले. बिया त्याच, ग्राइंडर तोच, वजन-माप तेच. आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी तापवलं, कॉफी केली, आणि पहिल्या घोटाला थांबलेच. संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी होतं त्यात, बंगळूरुच्या स्वयंपाकघरात एकदाही न लागलेलं. इथलं आमचं बोअरचं पाणी जड आहे. त्यातले क्षार कॉफीतली आम्लं मारून टाकतात आणि चव सपाट होते. नुसतं आरओचंही चालत नाही, कारण चव उतरवून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतातच. मी आता तीन भाग आरओ आणि एक भाग नळाचं घेते. तुझ्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरत असेल तर तूही असंच करून बघ. एवढी वर्षं मी बियांना आणि स्वतःच्या हाताला दोष देत होते, त्याचं वाईट वाटतं.

पाठवतेय ते पार्सल चार दिवसांत पोचेल. त्यात माझा जुना ग्राइंडर आहे, चिनी मातीची गाळणी आहे आणि कागद आहेत. या कागदाची गोष्ट तुला आवडेल. १९०८ साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीनं, कॉफीतल्या गाळाला कंटाळून, पितळी भांड्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद त्यात घातला. त्याच वर्षी तिनं त्याचं पेटंटही घेतलं. रोज सकाळी कागद दुमडताना मला तिची आठवण येते.

कृती अशी. कागद गाळणीत बसवून गरम पाण्यानं धुऊन घे. १५ ग्रॅम पूड, २४० ग्रॅम पाणी. साधा स्वयंपाकाचा वजनकाटा पुरतो, पण काटा हवाच. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांब. आधी पूड भिजेल एवढंच, ४५ ग्रॅमच्या आसपास ओत आणि ४० सेकंद बघत राहा. बिया ताज्या असतील तर इडलीचं पीठ आंबून फुगावं तशी पूड वर येते. मग उरलेलं पाणी दोन-तीन वेळा, गोल फिरवत. एकूण तीन मिनिटं. आंबट लागली तर पुढच्या वेळी जरा बारीक दळ, कडू लागली तर जरा जाड. एका वेळी एकच गोष्ट बदल. तुला पीठ, तूप, साखर सगळं एकदम बदलायची सवय आहे, म्हणून सांगतेय.

पार्सलमध्ये बियांच्या दोन पुड्या आहेत. पहिली एस ७९५ची, ती काळीच पी, साखरही नको. दुसरी मॉन्सून्ड मलबारची. या बिया मंगळूरकडे पावसाळ्यात, चहूबाजूंनी उघड्या गोदामांत ओल्या वाऱ्यावर ठेवतात. त्या फुगतात, फिकट पिवळ्या होतात आणि आंबटपणा गळून जातो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना महिनोन्‌महिने दमट हवा लागून बियांची चव अशीच बदलायची. वाफेची जहाजं आल्यावर ती चव गेली, म्हणून किनाऱ्यावरच ती मुद्दाम आणायला लागले. कोकणच्या पावसात वाढलेल्या मला ती पहिल्याच घोटाला ओळखीची वाटली.

तिच्याबरोबर कागदात गुंडाळलेलं एक जायफळ आहे, आमच्या परसातलं. आई गेल्यावरही झाड धरतंय. ती कॉफी दाट कर, दूध घाल, जायफळ अगदी एकच वळसा उगाळ. तुझ्या सासूबाईंनाही दे, त्यांना आवडेल.

दोन्ही कशा लागल्या ते सविस्तर लिही. आंबट लागली तर आंबट लिही, माझं मन राखू नकोस.

तुझी,
मंगू