घरचे मैदान कागदावर पक्के करा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
स. न. वि. वि.

2017 च्या प्रो कबड्डीत बंगळुरूच्या संघाचे घरचे सामने मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात झाले. संघ बंगळुरूचा, मॅट नागपुरात. उद्या नागपूरचे नाव लावणारा संघही असाच दुसरीकडे जाऊ शकतो, आणि तेव्हा कोर्टात हाती काय लागेल हे आजच्या करारावर ठरते.

सिएटलचा बास्केटबॉल संघ 2008 मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला. मैदानाचा करार 2010 पर्यंत होता, शहराने दावाही लावला. पण निकालाच्या दिवशीच साडेचार कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि संघ गेला तो गेलाच. उलट मिनेसोटात लीग बेसबॉल संघच गुंडाळायला निघाली असताना 2002 चा हंगाम त्याच मैदानावर खेळण्याचा कोर्टाचा हुकूम टिकला. संघ भाडे देत नव्हता. मैदानाचा लाभ म्हणजे ते सामनेच, हे कोर्टाने मानले.

आपल्याकडे नुसते ‘संघ येथे खेळेल’ लिहून भागत नाही. कोर्टाला सतत देखरेख ठेवता येणार नाही असे काम विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 14 मुळे सक्तीने करून घेता येत नाही. म्हणून नकारार्थी अट घाला : ‘मुदतीत घरचा सामना अन्यत्र खेळणार नाही.’ त्याच कायद्याच्या कलम 42 खाली अशा अटीवर मनाई हुकूम मिळू शकतो.

पण मागणाऱ्याने स्वतःची बाजू पाळलेली हवी, आणि सरकारी संकुलाचे घोडे इथेच अडते. ठरलेल्या तारखांना सभागृह प्रदर्शनाला किंवा मतमोजणीला दिले, पावसात छप्पर गळून 13 बाय 10 मीटरची मॅट भिजली, की संघाच्या वकिलाला आयते कारण मिळते. त्यामुळे हंगामाआधी दोघांच्या सहीची पाहणी हवी : छप्पर, दिवे, जनरेटर, मॅट, फोटोंसह.

भरपाईचा आकडा लिहिताना हिशेबही जोडा. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे तो आकडा फक्त कमाल मर्यादा असतो; कोर्ट वाजवी तेवढेच देते. संघाने द्यायची बँक हमी बिनशर्त, मागताक्षणी देय असावी, आणि मुदत संपण्याच्या 30 दिवस आधी नूतनीकरण झाले नाही तर ती वटवण्याचा हक्क संकुल समितीला असावा. वाद कोर्टाऐवजी लवादाकडे, म्हणजे नेमलेल्या पंचाकडे, जाणार असेल तर त्याचे कायदेशीर ठिकाण नागपूरच लिहा. हंगाम तोंडावर असताना लवाद कायद्याच्या कलम 9 खाली कोर्टाकडे तातडीच्या हुकमाचा अर्ज इथेच करता आला पाहिजे, आणि तो हुकूम मिळाल्यावर 90 दिवसांत लवाद सुरू करावा लागतो, हे समितीला आधीच ठाऊक हवे.

मानकापूरचे संकुल पुढच्या संघाला देण्याआधी या अटींचा मसुदा विधी व न्याय विभागाकडून तपासून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपले,
नागपुरातील क्रीडा करारांचे काम पाहणारे काही जण