ग्रॅनीची वही

बर्मिंगहॅम,
८ मार्च

प्रिय चिमे,

तुझे दोन फोन घेतले नाहीत, मेसेजला उत्तर दिलं नाही. रागावली असशील तर मनसोक्त रागाव. नवऱ्याची जमैकाची आजी, आमची ग्रॅनी, गेली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, झोपेतच, ९३ व्या वर्षी. मेसेजच्या दोन ओळींत उरकावी अशी ती बाई नव्हती, म्हणून कागद घेऊन बसल्येय. अक्षर लावून घे.

तुला ती आठवत असेल ती माझ्या लग्नातली. मे महिन्याचा उकाडा, रत्नागिरीचं कार्यालय, आणि डोक्यावर जांभळी हॅट घालून पंगतीला बसलेली ती. हॅट काढा म्हणून कुणीतरी खुणावलं, तर तुझ्या आईनं त्या बाईलाच दटावलं होतं, ‘राहू दे गं, तो पदर आहे त्यांचा.’ काकूंना कसं कळलं कोण जाणे! देवाचं नाव घ्यायचं तर डोकं झाकलेलं हवं, हे तिचं शेवटपर्यंत होतं.

मी तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा विचारलंन, कुठली तू? रत्नागिरी कुणाला कळणार, म्हटलं मुंबईकडची. तर म्हातारी खुललीच. ‘बॉम्बे! आमच्या परसात होता की!’ अगं, जमैकात बॉम्बे नावाचा आंबा आहे. मधोमध गोल सुरी फिरवायची, दोन्ही अर्धुकं उलटसुलट पिळायची, की कोय अलगद सुटते. मग वाटीसारखं हातात धरून चमच्यानं खायचं. सुपरमार्केटातल्या आंब्यावर तिनं मला ते करून दाखवलं. आंबा कसला, दगड होता. मनगट दुखेपर्यंत पिळला आणि शेवटी दोघींनी साल चावून खाल्ली.

तिच्या स्वयंपाकघरात मला परकं वाटलंच नाही. नाताळात ती लोकं ‘सॉरेल’ नावाचं लालभडक सरबत करतात. ती आपली लाल अंबाडीची बोंडं, आलं घालून. ‘गुंगो पीज’ म्हणजे तूर. आणि नीरफणस तर आहेच, फक्त कापं न करता अख्खा भाजतात. १८४५ पासून आपल्या देशातली हजारो माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिकडच्या ऊसमळ्यांत नेली गेली, बहुतेक कलकत्त्याहून. क्लॅरेंडन या तिच्या भागातही होती. बकऱ्याच्या मटणाला हळद-मसाला चोळायला तिची आजी त्यांच्याकडूनच शिकली, असं ती सांगायची. शेंडेफळाला त्यांच्यात ‘वॉश-बेली’ म्हणतात, आईचं पोट धुऊन बाहेर आलेलं! हे ऐकल्यापासून मी माझ्या धाकट्या भावाला दुसरं काही म्हणत नाही.

१९५६ साली ती बोटीनं आली, चोवीस वर्षांची. तेव्हा वसाहतीतली माणसं ब्रिटिश नागरिकच धरली जात, व्हिसाबिसा नव्हता. तीन वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे सासरे, आईपाशी ठेवला. (आजोबांबद्दल घरात कुणी बोलत नाही. मीही विचारलं नाही.) एका इस्पितळात नर्सिंगला घेतलं, पण बसवलं दोन वर्षांच्या ‘एनरोल्ड’ कोर्सला. ‘रजिस्टर्ड’ नर्स व्हायचा रस्ता वेगळा, हे कुणी सांगितलंच नाही. म्हणजे जन्मभर खालच्या पायरीवर, आणि माघारी गेलं तर तिकडे त्या कागदाला किंमत नाही.

चर्चमध्ये त्याहून वाईट. पहिल्याच रविवारी जवळच्या चर्चमध्ये गेली. निघताना पाद्रीबाबांनी हात हातात घेतला आणि म्हणाले, आलात, आनंद झाला. पुन्हा मात्र येऊ नका, आमच्या मंडळींना अवघडतं. मी विचारलं, राग नाही आला? म्हणाली, ‘आला तर! पण रविवार दर आठवड्याला येतो, बाळ.’ मग दहाबारा जणांनी एकीच्या भाड्याच्या खोलीत प्रार्थना सुरू केली. पलंग उभा करून भिंतीला टेकवायचा आणि रॉकेलच्या शेगडीभोवती बसायचं. पुढे शाळेचा हॉल मिळाला. तिथं शनिवारी रात्री नाच असायचा, म्हणून ही रात्रपाळी संपवून तशीच झाडू-फिनेल घेऊन जायची, थोटकं उचलायला. रविवारी चार-चार तास चालणाऱ्या त्या प्रार्थनेला मी किती नाकं मुरडली, तुला ठाऊक आहे. तुझ्याजवळच तर कुरकुरायचे.

तिच्या बायबलच्या चेनवाल्या पिशवीत एक वही असायची. भिशीची! ते ‘पार्डनर’ म्हणतात. तेव्हा बँका काळ्या माणसाला घरासाठी कर्ज देताना हात आखडायच्या. कितीतरी जणांनी अशा पार्डनरच्या पैशांवर घराची पहिली रक्कम भरली. ग्रॅनीचं घर तसलंच. मुलाच्या विमानाचं तिकीटही त्यातलंच, जून १९६२ मधलं, कारण १ जुलैपासून बाहेरून येणाऱ्यांवर नवा कायदा लागू होणार होता. नऊ वर्षांचा मुलगा विमानतळावर तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘गुड इव्हनिंग, मॅम.’

हे तिनं कधीच सांगितलं नाही. सासऱ्यांनी सांगितलं, नवव्या रात्री.

माणूस गेल्यावर नवव्या रात्री त्यांच्यात सगळे घरी जमतात. ती नववी रात्र तू बघायला हवी होतीस. आपल्याकडे सुतक म्हणजे चूल थंड, आवाज खाली. इथं मला आधी लग्नघरच वाटलं. तळलेली मासळी, पाव, डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर फाडफाड आपटताहेत, पुढच्या खोलीत भजनं. ग्रॅनीला रम चालायची नाही, म्हणून पिणारे मागच्या अंगणात थंडीत कुडकुडत पीत होते. मेल्यावरही धाक!

दफन फेब्रुवारीत झालं. खड्डा बुजवायला यंत्र उभं होतं, पण त्याला कुणी हात लावू दिला नाही. पुरुषांनी कोट काढले, फावडी घेतली, आणि पार वर येईपर्यंत माती आळीपाळीनं स्वतः लोटली. बायका गात होत्या. ओली चिकणमाती, फावड्याला चिकटून बसायची. नवऱ्याचे नवे बूट पार गेले. मी मूठभर टाकली. मूठमाती हा शब्द मी आजवर नुसता वापरत आले होते गं.

आणि भिशी चालूच आहे. वीस जण, दर शनिवारी पन्नास पौंड. तिला दिसेनासं झाल्यापासून वही मीच लिहायचे. ती गेली त्या शनिवारी बायका भेटायला आल्या, गळ्यात पडून रडल्या आणि जाताना हळूच माझ्या हातात पाकिटं दिली. काल सतरावा नंबर गेला. विसावा ग्रॅनीचा. भिशी चालवणारी असूनही ती कायम शेवटचा घ्यायची.

२८ मार्चला हजार पौंड हातात येतील. सासरे म्हणतात चर्चला द्या, आतेसासूबाई म्हणतात जमैकाला सामानाचं पिंप पाठवा. म्हणून रात्री जुन्या वह्या काढल्या. दर खेपेला आपल्या नावापुढे पैसे कशात गेले ते पेन्सिलीनं एका शब्दात लिहायची. ‘छप्पर.’ ‘कोट.’ ‘बहिणीचं दफन.’ २०११ च्या वहीत लिहिलंय, ‘बॉम्बे.’

आमच्या लग्नाचं तिचं तिकीट, चिमे. मी इतकी वर्षं समजत होते की सासऱ्यांनी काढलं.

या वहीत ती जागा कोरी आहे.

काकूंना नमस्कार सांग. कुणी इकडे येणार असेल तर अंबाडीची सुकी बोंडं पाठव, पावशेर पुरे.

तुझीच,
बाकावरची डावी