तात्या, तलाव दाखवल्याबद्दल तुमचे आभार

ती. तात्यांना
सा. न. वि. वि.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. तरी चारचौघांसमोर लिहितोय, कारण लातूरकडच्या एखाद्याच्या घरी फ्लाय रॉड, म्हणजे नकली माशी फेकून मासे धरायची काठी, आला तर तो कपाटावर धूळ खात पडू नये, असं मला मनापासून वाटतं. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवील.

माझ्या मेहुण्याने अमेरिकेतून रॉड पाठवला, तेव्हा सोबत फोमच्या, रबरी पायांच्या नकली माश्यांची डबी होती. तिकडे या माश्या गावतळ्यांतल्या ब्लूगिल आणि बाससाठी वापरतात. ब्लूगिल हा तळहाताएवढा, चपटा, उथळ पाण्यात घर करणारा मासा. बास हा मोठ्या तोंडाचा शिकारी, गवताच्या कडेला दबा धरून बसणारा. आपल्या तलावात दोन्ही नाहीत. आणि आपल्या देशात फ्लाय फिशिंग म्हटलं की लोक हिमाचल-काश्मीरच्या ट्राउट माशाचंच नाव घेतात. मग औशाकडच्या पाझर तलावावर या रॉडने धरायचं काय? मी तिकडच्या माशांच्या सवयी एकेक सांगत गेलो आणि तुम्ही भरावावर बसल्या बसल्या म्हणत गेलात, "ही तर आपली चिलापी. अन् ती मरळ." तिथूनच सगळं मार्गी लागलं.

पण त्याआधीचे आभार परवानगीचे. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यावर. राहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तुम्ही लोक पदरचे पैसे घालून सोडता. बैठकीत माझ्यासाठी शब्द टाकलात, "गुरुजींच्या एका दोऱ्यानं आपलं काय जायलंय?" अट एकच घातलीत: राहू, कटला, मृगळ गळाला लागला तर तिथल्या तिथे सोडायचा. चिलापी हवी तेवढी न्यायची, कारण तिची पैदास बेसुमार होते आणि बाकीच्यांच्या खाण्यात वाटेकरी होते. तेव्हापासून मी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतो. मासा सोडताना त्याला इजा कमी होते.

चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची, 1952 साली भारतात आणलेली. आता ती आपलीच झाली आहे. उन्हं तापू लागली की पूर्वेच्या उथळ बाजूला तळाशी गोल गोल खड्डे दिसतात. मी ते पाहत होतो, पण त्यात काय चाललंय ते तुम्ही दाखवलंत. खड्डा नर खोदतो आणि राखतो. मादी अंडी तोंडात घेऊन बाजूला जाते आणि पिल्लं निघेपर्यंत सहसा खात नाही. म्हणजे खड्ड्यावर माशीला धडक देतो तो काळवंडलेला नर, भुकेने नव्हे, रागाने. ब्लूगिलचा नरही असाच खड्डा राखतो, पण तिथे अंडी खड्ड्यातच असतात, म्हणून नर उचलला की अंडी उघडी पडतात. आपल्याकडे ती मादीच्या तोंडात सुरक्षित असतात. हा फरक कळला आणि खड्ड्यावर माशी टाकताना मनात खटकायचं ते थांबलं.

मरळीचं मात्र सगळंच वेगळं. ती हवेत श्वास घेते, म्हणून ठरावीक वेळाने पाण्यावर येते, आणि बेशरमाच्या झुडपांच्या कडेला तो "डुब्" असा आवाज ऐकून तुम्ही हाताने दिशा दाखवता. बेडकासारखी फोमची माशी गवतावर टाकायची, हळूच पाण्यात सरकवायची आणि थांबायचं. मरळ झडप घालते तेव्हा हात आपोआप वर जातो. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणालात, "घेऊ द्या तिला. तोंड मिटू द्या." तेवढा एक श्वास थांबलं की गळ नीट बसतो. तिचे दात बारीक दोरा कापतात, म्हणून पुढचा तंगूस, म्हणजे माशीला बांधलेला नायलॉनचा दोरा, जाड हवा, हेही तुमचंच.

आणि पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका सरकताना दिसला, की तुम्ही रॉड खाली ठेवायला लावता. "लेकुरवाळी हाय. तिला हात लावायचा नाही." खाली नर-मादी राखण करत असतात आणि त्या वेळी ती कशावरही झडप घालते. म्हणजे मिळायला सगळ्यात सोपी, आणि म्हणूनच वर्ज्य. 2016 ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात हा तलाव तळापर्यंत भेगाळला होता. ओलसर चिखलात दबून राहिलेल्या मरळी तुम्ही गोणपाटात गुंडाळून विहिरीत नेऊन सोडल्या आणि पावसाळ्यात परत आणल्या, हे मला तुमच्या शेजाऱ्यांकडून कळलं. आज मला जी मरळ दिसते ती त्यामुळे आहे. या एका गोष्टीसाठी तुमचे आभार कसे मानावेत, मला सुचत नाही.

फेकण्याबद्दल थोडंसंच. या प्रकारात माशीला जवळपास वजन नसतं, वजन असतं जाड दोरीला, म्हणून दोरी आधी मागे पूर्ण उलगडावी लागते. मागे बाभळी असल्या की संपलं. सांडव्याच्या भिंतीवर पाठीमागे मोकळी जागा आहे आणि संध्याकाळी तिथे वारा पडतो, हे तुम्ही सांगितलंत. सावली पाण्यात पडणार नाही अशी बाजूही तुम्हीच दाखवलीत.

तुमच्या तांबड्या कोंबड्याच्या मानेची पिसं आली तो दिवस माझ्या फार लक्षात आहे. डबीतल्या माश्या झिजल्या होत्या. तुम्ही पिसाचा देठ ओल्या बोटांनी उलटा निरखलात, गळावर तपकिरी दोरा गुंडाळलात, पीस फिरवलंत, मागे बोकडाच्या केसांची बारीक शेपटी ठेवलीत आणि दाताने दोरा तोडलात. पाण्यात ओढली की ती माशी मिटते, थांबवली की फुलते. चिलापी तिच्यावर विकतच्या माशीपेक्षा जास्त येते, हे मी छातीठोकपणे सांगतो.

माझा रॉड तुम्ही हातात घेऊन पाहिलात. जाळं फेकून तयार झालेलं तुमचं मनगट, दोरी पहिल्याच फेकीत सरळ गेली. मग "तुमचं तुम्हाला" म्हणून परत दिलात. मेहुणा दिवाळीला येतोय. तुमच्यासाठी एक रॉड घेऊन ये म्हणून त्याला सांगितलंय, आणि या वेळी नाही म्हणायचं नाही.

काकूंना नमस्कार.

आपला,
शाळेवरचे गुरुजी