पाणमांजराच्या ओळी

प्रिय चिऊ,

रविवारी सिनेमा सुटल्यावर जिन्यातच तू मला विचारलंस, "बाबा, पाणमांजराचा आणि कावळ्याचा आवाज ज्यांनी दिलाय, ते दोघं खरोखरचे मित्र असतील ना?" आणि मी पटकन सांगून मोकळा झालो, की अगं, अशा कार्टून सिनेमांत आवाज देणारे पुष्कळदा एकमेकांना भेटतसुद्धा नाहीत. एक जण आज येऊन आपल्या ओळी म्हणून जातो, दुसरा महिन्याभराने येतो. तू नुसतं "हो का" म्हणालीस आणि घरी पोचेपर्यंत गप्प होतीस. रात्री दिवा मालवताना म्हणालीस, "म्हणजे सगळं खोटंच."

मी सांगितलं ते खरं होतं, पण अर्धं होतं. अर्ध्यावर थांबलो ही माझी चूक झाली. तोंडी बोलताना माझं नेहमी असंच होतं, म्हणून उरलेलं लिहून देतो आहे.

तुला वाटत असेल की आधी चित्रं काढतात आणि मग त्यांना आवाज चिकटवतात. बहुतेक वेळा उलटं असतं, आणि गाण्यांच्या सिनेमात तर गाणं फार आधी पक्कं करावं लागतं. चाल, ठेका, कोण कुठे श्वास घेणार, कुठे क्षणभर थांबणार, हे ठरल्यावर चित्रकार कामाला बसतात. पडद्यावरच्या एका सेकंदात २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, असतात. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे ४,३२० चौकटी. हाताने चित्रं काढायचे तेव्हा बऱ्याचदा एकच चित्र दोन चौकटींना वापरायचे, तरी सेकंदाला १२ चित्रं होतातच. आता बरंचसं काम संगणकावर होतं, पण हिशेब अजून चौकटींचाच आहे.

त्या चित्रकारांच्या टेबलावर आरसा असतो, हे मला फार आवडतं. गाण्याची ओळ स्वतः म्हणायची, आरशात आपलं तोंड बघायचं आणि तसं काढायचं. प, ब आणि म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. करून बघ, ओठ न मिटता 'म' येतच नाही. पाणमांजराचं ठीक आहे. पण कावळ्याला ओठ कुठले? 'मित्रा' म्हणताना त्याने काय मिटायचं? मग चित्रकार त्याची चोच क्षणभर मिटवतात, तीही कधी कधी आवाजाच्या एखाद-दुसरी चौकट आधी, म्हणजे आपल्या डोळ्यांना ते बरोबर वाटतं. चोचीच्या कडा रबरासारख्या वाकवतात, मानेला थोडा झोका देतात. १९४२ साली आलेल्या 'बॅम्बी' या हरणाच्या पाडसाच्या सिनेमाच्या वेळी तर स्टुडिओत हरणाची खरी पाडसं आणून ठेवली होती. त्यांचे पाय कसे दुमडतात, कान कसे फिरतात, हे चित्रकार तासन् तास बघत बसायचे. एवढं बघून काढलेलं काहीही मला खोटं म्हणवत नाही.

आता जे सांगायचं राहिलं ते.

दुसरा गायक माइकसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या कानांवर हेडफोन असतात. ठेका सुटू नये म्हणून त्यात बारीक टिकटिक चालू असते, तिला क्लिक ट्रॅक म्हणतात. आणि तिच्यासोबत पहिल्याचा आवाज असतो. अगदी कानाशी, समोर उभ्या असलेल्या माणसाचाही येत नाही इतका जवळून. पहिल्याने कुठे श्वास घेतला, कुठला शब्द जरा ओढला, कुठे हसू दाबलं, सगळं त्याला ऐकू येतं. नाही जमलं तर तो तीच ओळ पुन्हा लावायला सांगतो. तो खोलीत एकटा असतो खरा, पण तेवढा वेळ दुसऱ्या माणसाचं इतकं लक्ष देऊन ऐकतो, की समोरासमोर बसूनही आपण एकमेकांचं तेवढं ऐकत नाही.

काही जोड्यांना मुद्दाम एकत्रही उभं करतात. १९९४च्या 'द लायन किंग'मध्ये टिमॉन आणि पुंबाला आवाज देणारे नेथन लेन आणि अर्नी साबेला एकत्र रेकॉर्डिंग करत. त्या दोघांच्या बोलण्यातली चढाओढ तशी आलेली आहे. तेव्हा भेट होतच नाही असं नाही. तुझ्या कावळ्याची आणि पाणमांजराची झाली असेलही.

पुरानंतरचा प्रसंग आठवतो? पाणमांजराचं कुटुंब नदीच्या पार खालच्या वळणावर वाहून गेलेलं, आणि कावळा त्याच फांदीवर येऊन तेच पहिलं गाणं म्हणतो. पहिल्यांदा ते दोघांचं होतं, एक ओळ याची, एक ओळ त्याची. आता तो फक्त आपल्याच ओळी म्हणतो आणि पाणमांजराच्या ओळी आल्या की गप्प राहतो. मागचं संगीत मात्र थांबत नाही. रिकाम्या ओळी तशाच वाजत जातात. आधीचं गाणं थोडं बदलून परत आणण्याला संगीतिकेत रिप्राइज म्हणतात. त्यासाठी नवे शब्द लागत नाहीत, नवी चाल लागत नाही. पहिलं गाणं आपल्या कानात बसलेलं असतं, त्यामुळे काय नाही ते आपल्याला ऐकू येतं. तू तिथेच रडलीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "गाणं तर आनंदाचं होतं, मग मला रडू का आलं?" ते यामुळे. तुझ्या मनात पाणमांजर गात होतं.

खरे कावळे आणि खरी पाणमांजरं मित्र होतात का, हेही तू विचारलं होतंस. खरं सांगायचं तर कावळे मागून येऊन पाणमांजराची शेपूट ओढतात, ते वळलं की मासा पळवायला. पण समुद्रात एक जोडी आहे, ती तुला आवडेल. पिस्तूल कोळंबी आणि गोबी नावाचा छोटा मासा. कोळंबी वाळूत बीळ खणते, दिवसभर आतली वाळू बाहेर लोटत असते, पण तिला दिसतं अगदीच कमी. गोबीला चांगलं दिसतं, पण बीळ खणता येत नाही. म्हणून दोघं एकाच बिळात राहतात. कोळंबी बाहेर आली की आपली एक लांब मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. तिचे पाय आणि नांग्या कामात असतात, मिशी मात्र त्याच्यावर. काही धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि पुढच्या क्षणी दोघं आत! शास्त्रात याला सहजीवन म्हणतात. त्यांना एकमेकांची माया वाटते असं मी म्हणणार नाही. मला ती टेकलेली मिशी आवडते.

चिऊ, तू गप्प का झालीस हे मला उशिरा कळलं. तुझी मैत्रीण दूर राहायला गेली त्याला आता पाच महिने होतील. मागच्या आठवड्यात तुम्ही व्हिडिओ कॉलवर दोघींचं आवडतं गाणं म्हणायला बसलात आणि पहिल्या कडव्यातच बिनसलं. "तू मागे पडतेस." "मी नाही, तूच पडतेस." मग फोन बंद. आणि त्यानंतर चारच दिवसांनी मी तुला सांगतो की एका खोलीत नसलेल्यांचं गाणं असंच असतं. माझ्या ते ध्यानातच आलं नाही, बाळा.

तुमच्यापैकी कुणीही चुकत नव्हतं. तुझा आवाज तिच्या फोनपर्यंत पोचायला सेकंदाचा एक छोटासा तुकडा लागतो. तिचा तुझ्याकडे यायला तेवढाच. बोलताना तो तुकडा जाणवत नाही, गाताना लगेच जाणवतो. तुझा आवाज तिला उशिरा ऐकू येतो, ती इमानाने त्याच्या बरोबर गाते, आणि तिचं ते गाणं तुझ्याकडे आणखी उशिरा येतं. तुला वाटतं ती रेंगाळतेय, म्हणून तू तिच्यासाठी थांबतेस. मग तिला वाटतं तू रेंगाळतेस. तुम्ही एकमेकींना सांभाळून घ्यायला गेलात, म्हणूनच ते गाणं जास्त बिघडलं. मोठमोठ्या गवयांनाही कॉलवर एकत्र गाता येत नाही.

काल संध्याकाळी तू खोलीत एकटी गात होतीस. दार लोटलेलं होतं. नुसत्या कावळ्याच्या ओळी. पाणमांजराची ओळ आली की तू थांबायचीस. मी बाहेर उभा राहून बोटांवर मोजलं, आठ मात्रा. दुसऱ्या वेळीही आठ. तिसऱ्या वेळी तुझी आई मला हाक मारत होती, तरी मी हललो नाही. पुन्हा आठच.

तेवढी जागा तुला सोडता येते, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे. माझा फोन टेबलावर ठेवलाय, हेडफोन शेजारी आहेत. त्यात टिकटिक वाजवणारं अ‍ॅप घातलंय, वेग मी लावून ठेवलाय, तुला जलद वाटला तर कमी कर. आधी एक-दोन-तीन-चार मोज, एक टाळी वाजव आणि कालसारखंच म्हण, तिच्या ओळी मोकळ्या सोडून. ते तिला पाठव. तिला सांग, हेडफोन घालूनच ऐक, नाहीतर तुझा आवाज तिच्या रेकॉर्डिंगमध्ये शिरेल. तिचं आलं की रविवारी दोन्ही एकत्र बसवू. तुझं चार ठिकाणी चुकलं तरी चालेल, पुन्हा म्हणता येतं.

टाळीचं मात्र नक्की सांग. तुझी टाळी कानात वाजली की तिने तिथेच टाळी द्यायची. मी त्याच दोन टाळ्या जुळवणार आहे.

तुझा,
बाबा