भूक परत आली म्हणतोस तर

प्रिय दोस्ता,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज काल दुकानात गिऱ्हाईक असताना अर्धा ऐकला अन् उरलेला रात्री जेवणं झाल्यावर. फोनच करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मधेच तुझं चालू होतं, म्हणून लिहायलोय. निवांत वाच, अन् वहिनीलाही वाचायला दे, कारण यातलं निम्मं काम स्वयंपाकघरातलं आहे.

तर तू म्हणायलास की वजन कमी करायचं ऑपरेशन वाया गेलं. पहिले सहा महिने भूक काय असते तेच विसरलो होतो, घरच्यांनी आठवण केली की खायचो, अन् आता तासाला पोटात कावळे ओरडायलेत. अरे बाबा वाया बिया काही गेलं नाही. आपलं जे झालं त्या स्लीव्ह ऑपरेशनमधे जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात, बारीक नळीएवढंच ठेवतात, काढलेल्यातच वरचा फुगीर भाग जातो, अन् भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन सगळ्यात जास्त तिथंच तयार होतं. (हे हार्मोन जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं 1999 ला, म्हणजे आपण शाळेत दुसऱ्याचा डबा उघडून खात होतो त्या काळात.) तो भाग गेला म्हणून तुझी भूक गायब झाली होती. पण ते हार्मोन आतड्यातही थोडंफार बनतंच, अन् शिवाय वजन झपाट्यानं उतरलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला, मग ते भूक वाढवून गेलेलं परत भरून काढायला बघतं. सहा महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत कधीतरी भूक परत येते, बहुतेकांची येते, माझीही आली. घाबरायचं त्यात काही नाही. प्रश्न हा आहे की ती आली तेव्हा तुझ्या ताटात काय होतं.

अन् तुझ्या मेसेजमधे मला खरी गोची तिथंच दिसली. तू स्वतःच सांगितलंस बघ, सकाळी प्रोटीनचा शेक, मग दहाला मुरमुऱ्यांची सुशीला थोडीशी, दुपारी अर्धी भाकरी आमटीत कुस्करून, वर ताक, संध्याकाळी चहा बिस्कीट, रात्री परत वरण-भात पातळ करून. यात घट्ट असं काय आहे सांग मला? सगळं पातळ. पहिल्या दोन महिन्यात पातळ-मऊच खायला सांगतात, आधी नुसतं पाणी-सूप, मग पातळ, मग गाळलेलं-घोटलेलं, मग मऊ, ते टाक्यांसाठी असतं. पण तू त्याच पायरीवर बसून राहिलास. पातळ पदार्थ त्या बारीक नळीत थांबतच नाही, लगेच खाली उतरतो, अन् पोट रिकामं झालं की परत मागतं. कुस्करलेली भाकरी आमटीत भिजवली की तिचंही तेच. सुशीलेचं तर बोलूच नको, मुरमुरे भिजवलेले, तोंडात टाकले की विरघळतात, वाटीवर वाटी खाल्ली तरी पोट भरल्याची खबर लागत नाही. आपली सगळी आवडीची खाणी अशीच आहेत, चिवडा, फरसाण, खारी, बिस्कीट. चावताना कुरकुरीत अन् पोटात गेली की पीठ.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, पातळ सोड, घट्ट खा, अन् घट्टातही प्रोटीन पहिलं. ताट पुढं आलं की पहिले घास पनीर, अंडं, चिकन, घट्ट उसळ, जे असेल त्याचे. ते संपलं की शिजलेली भाजी. अन् मग जागा उरली तर भाकरीचा चतकोर. मला माहितीय तुला हे उलटं वाटणार, आपल्याकडं भाकरी हेच जेवण अन् बाकी सगळं तोंडी लावायला. माझी आई अजून म्हणते, भाकरी खाल्ली नाही तर जेवला कसला. तिला मी समजावणं सोडलं, चतकोर ताटात ठेवतो, तिचं समाधान होतं.

किती प्रोटीन लागतं ते तुझ्या डायटिशियननं सांगितलं असणारच, साधारण दिवसाला 60 ते 80 ग्रॅम धरतात, माणूस बघून कमी-जास्त. किडनीचा काही त्रास असेल तर मात्र डॉक्टरला विचारूनच. प्रोटीन कमी पडलं की वजन उतरताना चरबीबरोबर मांसही उतरतं, जिना चढताना पाय लटपटतात, काटा खाली गेलेला दिसतो म्हणून आपण खूश अन् आतून माणूस पोकळ.

तुझी खरी अडचण मला ठाऊक आहे, घरात आई माळकरी, अंडं घरात शिजत नाही. चालतंय की. आता हिशेब बघ. शंभर ग्रॅम पनीर म्हणजे साधारण 18 ग्रॅम. दह्याचा चक्का शंभर ग्रॅम, 8-9 ग्रॅम. रात्री दही फडक्यात बांधून नळाला टांगून ठेवायचं, खाली पातेलं, सकाळी पाणी निथळून गेलेलं असतं, त्यात साखर नाही घालायची, जिरेपूड, मीठ, जरासा हिरव्या मिरचीचा ठेचा. मी रोज सकाळी तेच खातो, बारीक चमच्यानं, वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात पेपर वाचून होतो. मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ, शंभर ग्रॅमला 7 ग्रॅमच्या आसपास. डाळीचं मात्र आपलं सगळ्यांचं गणित चुकतं. कच्च्या तूरडाळीत शंभराला 22 ग्रॅम असतं हे खरं, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते किती? मूठभर. बाकी पाणीच. त्यातून 3-4 ग्रॅम मिळालं तरी डोक्यावरून पाणी. वहिनीला सांग तुझ्यापुरतं वरण वेगळं काढायचं, पाणी घालायच्या आधी, चमचा उभा राहील इतकं घट्ट. तेल कमी, फोडणी साधी.

अन् सगळ्यात भारी गोष्ट आपल्या दारातच आहे, सोयाबीन. लातूरच्या अडतीत हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागतात, आपण भाव काय निघाला एवढंच विचारतो. त्याचं तेल आपण खातो अन् तेल काढल्यावर जी पेंड उरते, ज्यात खरं प्रोटीन असतं, ती जाते कोंबड्यांच्या खाद्याला. कोंबड्या आपल्यापेक्षा शहाण्या निघाल्या. बाजारात सोया वड्या मिळतात त्यात शंभराला 52 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, सुक्या 30 ग्रॅम घेतल्या तरी 15 ग्रॅम झालं. गरम पाण्यात मीठ टाकून उकळायच्या, मग दोन्ही तळहातात दाबून पाणी काढायचं, तो फेस अन् वास जाईपर्यंत दोनदा तरी, अन् मग चाकूनं बारीक चिरून कांदा-टोमॅटोवर येसर (आपला भाजलेल्या धान्य-मसाल्याचा) घालून परतायचं, रस्सा नाही ठेवायचा. वास गेला नाही तर तू दुसऱ्यांदा खाणार नाहीस, म्हणून दाबण्यात आळस नको. शेंगदाणे मात्र जपून. प्रोटीन आहे त्यात, पण निम्मं तेल आहे, मूठ-मूठ खाल्ले तर वजन परत दारात.

बाहेर असशील तेव्हा उकडलेली अंडी खा, एका अंड्यात 6 ग्रॅम. अन् शेक फेकून दे असं म्हणत नाही मी. ज्या दिवशी हिशेब कमी पडला त्या दिवशी तो घे, औषधासारखा. जेवणाऐवजी नको.

पाण्याचं ऐक आता, हे लई जण धुडकावतात. जेवताना पाणी नाही, ताक नाही, अन् जेवल्यावर अर्धा तास नाही. पाण्यानं घास खाली ढकलला की ते घट्ट खाल्लेलं सगळं वाया, परत तासाभरात भूक. पण बाकी दिवसभर दीड-दोन लिटर जायला पाहिजे, घोट घोट. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेले लोक आहोत आम्ही, तरी बाटली टेबलावर भरलेली तशीच राहते. उन्हाळ्यात तहानच भूक वाटते मला, आधी दोन-चार घोट पिऊन दहा मिनिटं थांबतो, बऱ्याचदा ते भुकेचं नाटक तिथंच संपतं. अन् छातीत-पोटात आग पडल्यागत होत असेल तर ती भूक नसून ॲसिडिटी असू शकते, स्लीव्हनंतर ती बऱ्याच जणांना होते, डॉक्टरला सांग, खाऊन दाबू नको.

अन् डोळ्याची भूक वेगळीच. दुकानात पाच वाजता शेजारचा पोरगा गरम भजे घेऊन येतो, कागदाला तेल सुटलेलं, वर तळलेली मिरची, त्या वासानं तोंड चाळवतं अन् वाटतं आता मेलो भुकेनं. अशा वेळी मी स्वतःला विचारतो, आत्ता घट्ट वरण दिलं तर खाशील का? खाईन वाटलं तर भूक खरी, मग सरळ भाजलेले फुटाणे काढायचे अन् एकेक चावत बसायचं. नको वाटलं तर उठून गोडाऊनला चक्कर. दरवेळी जमतं असं नाही. भजंही खातो कधी, एखादं, अन् विषय सोडून देतो.

लग्नाच्या पंगतीत मात्र तुला सांभाळून राहावं लागणार. आग्रह करणारे मावशा-मामा ऐकत नसतात, ऑपरेशन झालंय सांगितलं तर अजूनच कीव करून वाढतात. मी तर सरळ वाढपी होतो, हातात बादली असली की कुणी आग्रह करत नाही. गोड मात्र टाळच, जिलेबी-बुंदी पोटात गेली की कुणाकुणाला घाम फुटतो, धडधडतं, हातपाय कापतात. जठराचं बायपास केलेल्यांना जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. एकादशीची भगर अन् साबुदाणा यात बहुतेक पिष्टच, त्या दिवशी आईच्या बरोबरीनं उपास धरायचाच असेल तर दूध, चक्का अन् पनीरवर धर. देव काही म्हणणार नाही.

केस गळायलेत म्हणालास ना, ते तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतं बऱ्याच जणांचं, एवढं वजन उतरल्याचा झटका असतो तो, बहुतेक वेळा परत येतात. पण अजूनही मुठीत येत असतील तर आयर्न कमी आहे का बघावं लागेल. मल्टिव्हिटामिन, बी-12, कॅल्शियम, डी या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत, बरं वाटतंय म्हणून बंद करायच्या नाहीत, अन् कॅल्शियम अन् आयर्न एकत्र गिळायच्या नाहीत, मधे दोन तास तरी ठेवायचे. सारखी उलटी होत असेल तर घरी बसून राहू नको, त्यातून बी-1 कमी होऊन अंगाला भारी पडतं.

शॉर्टकट मारला म्हणून तुझे मास्तर लोक टोमणे मारतात ते मनावर घेऊ नको. रोज ताटातलं वजन करून खाणाऱ्या माणसाला शॉर्टकटवाला म्हणणारे स्वतः सुपारी सोडून दाखवोत.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, मात्र लातूरला ये, पोरांना घेऊन.  शेतात भज्जी असतीय, तूर, हरभरा, वाटाणा, पावटा सगळं घालून बेसन लावलेली, आईला घट्ट ठेवायला सांगतो, तुझ्या-माझ्यासाठी त्याहून चांगलं प्रोटीन नाही. बाजरीचा उंडा चवीपुरता, आंबील जेवणानंतर अर्ध्या तासानं, खीर पोरांना.

त्याआधी एक काम कर, या आठवड्यात बी-12, फेरिटिन (अंगातला आयर्नचा साठा), डी अन् हिमोग्लोबिन तपासून घे अन् रिपोर्टचा फोटो पाठव, आधी तुझ्या डॉक्टरला अन् मग मला. अन् तीन दिवस काय काय खाल्लं, किती वाजता, ते वहीत लिही, खरं लिही, मला मार्क द्यायचे नाहीत. त्यावर आपण रविवारी बोलू, तू तेवढं मधे बोलायचं नाही.

तुझा,
लातूरकर